दोन मुलगे, दोन वयं: सणावारांचं आणि सुट्ट्यांचं वर्ष आखताना

सात वर्षांच्या मुलाचं रेल्वेचं अर्धं तिकीट काढलं तर त्याला बर्थ मिळतो का? थोरल्याचं उरलेलं खोकल्याचं औषध धाकट्याला चालेल का? घरात बहीण नाही, मग भाऊबीजेला दोघांना कोण ओवाळणार? एकाचा वाढदिवस आला की दुसरा रुसून बसतो, त्याला काय सांगायचं? दोन लहान मुलगे असलेले आईबाबा हे प्रश्न दरवर्षी, साधारण त्याच महिन्यांत, पुन्हा पुन्हा विचारतात.

या गोंधळाचं मूळ एका सवयीत आहे. घरात दोघांचा उल्लेख ‘पोरं’ असा एकत्रच होतो. कपडे एकाच कापडाचे, खाऊ सारखा, औषधाची बाटलीही एकच. तिकीट खिडकी, डॉक्टर, आरटीओ आणि शाळा मात्र प्रत्येकाचं वय वेगळं विचारतात. सण-सुट्ट्यांमधले बहुतेक चुकीचे निर्णय दोघांना एकच मूल समजल्यामुळे होतात. म्हणून इथे एक कुटुंब समोर धरलं आहे: थोरला सात वर्षांचा, धाकटा साडेतीनचा. तुमच्या मुलांची वयं त्या जागी घालून वाचा.

आधी कागद

प्रवास असो वा प्रवेश, अडतं ते कागदावर. दोघांच्या दोन वेगळ्या फाइली करा आणि एवढं तपासा:

- जन्मदाखला. नोंदणीच्या वेळी नाव ठरलेलं नव्हतं म्हणून ‘बाळ’ एवढ्यावरच राहिलेले दाखले अनेक घरांत सापडतात, आणि बहुधा धाकट्याचेच. वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो, त्यामुळे त्यातलं स्पेलिंग आत्ताच दुरुस्त करून घ्या.
- आधार. पाच वर्षांखालच्या मुलाच्या निळ्या आधारात बोटांचे ठसे नसतात. पाच पूर्ण झाल्यावर ते द्यावे लागतात. पाच ते सात या वयात हे काम विनामूल्य होतं. थोरल्याचं राहिलं असेल तर याच सुट्टीत उरका.
- शाळेचं वय. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. डिसेंबरात आणि जानेवारीत जन्मलेल्या दोन मुलांमध्ये शाळेचं एक अख्खं वर्ष पडतं ते यामुळेच. जानेवारीतल्या मुलाला पुढे ढकलण्यासाठी धावपळ करू नका. वर्गात वयाने मोठं असण्याचा मुलाला तोटा नसतो.

तिकिटं: पाच आणि बारा हे दोन आकडे

रेल्वेत पाच वर्षांखालचं मूल वेगळा बर्थ न घेता फुकट प्रवास करतं. पाच ते बारा या वयात दोन पर्याय आहेत. बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, हवा असेल तर पूर्ण भाडं. एप्रिल २०१६ पासून हा नियम आहे, तरी ‘अर्ध्या तिकिटात बर्थ मिळायचा’ ही जुनी आठवण घेऊन लोक आजही गाडीत चढतात आणि रात्री दोन बर्थवर चौघं अवघडून झोपतात.

रात्रीच्या प्रवासाला थोरल्याचं पूर्ण तिकीट काढणंच शहाणपणाचं. तीन बर्थ मिळतात आणि साडेतीन वर्षांचा धाकटा आईच्या किंवा बाबांच्या कुशीत नीट मावतो. दिवसाच्या चार तासांच्या प्रवासाला अर्धं तिकीट चालून जाईल. प्रवासाच्या दिवशी धाकट्याला पाच पूर्ण होणार असतील तर त्याचंही तिकीट काढा, आणि दोघांच्या वयाचा पुरावा जवळ ठेवा.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्यामुळे सण उशिरा आहेत. गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. ११ सप्टेंबरला कोकणात निघायचं असेल तर १३ जुलैला सकाळी आठ वाजता तयार बसावं लागेल. कॅलेंडरवर सणाइतकीच ही तारीखही लिहून ठेवा.

एसटीचा हिशेब वेगळा आणि कुटुंबाच्या सोयीचा आहे. पाच वर्षांखाली मोफत, पाच ते बारा अर्धं. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत, पासष्ट ते पंच्याहत्तर या वयात अर्धं. म्हणजे मामाच्या गावी निघालेल्या आपल्या चौघांत पूर्ण तिकीट एकट्या बाबांचं.

स्कूटरवर चौघं नकोतच

पुढे थोरला उभा, मध्ये धाकटा, मागे आई. हे दृश्य प्रत्येक गावात दिसतं, पण कायद्याने दुचाकीवर चालकाच्या मागे एकाच व्यक्तीला बसता येतं. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, म्हणजे थोरल्यालाही, त्याच्या मापाचं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी फेब्रुवारी २०२३ पासून चालकाशी बांधणारा सुरक्षा पट्टा आणि लहान हेल्मेट आवश्यक आहे. अशा वेळी वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या आत ठेवावा लागतो. मोटारीत चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन लावणं ही चालकाची जबाबदारी आहे, आणि न लावल्यास हजार रुपये दंड आहे.

दंडाचं सोडा. अचानक ब्रेक लागला की मांडीवरचं मूल हातात धरून ठेवता येत नाही, मग धरणारा कितीही ताकदीचा असो. सणाच्या दिवशी जवळच्या नातेवाइकाकडे जायचं असलं तरी दोन फेऱ्या करा किंवा रिक्षा घ्या.

वाढदिवस ज्याचा, दिवस त्याचा

दुसरा रडू नये म्हणून दोघांनाही भेट, दोघांपुढेही केक, दोघांनाही मुकुट, ही तडजोड फार घरांत होते. ती टाळा. तिच्यामुळे थोरल्याला आपला दिवस वाटून द्यावा लागतो आणि धाकट्याला थांबायची सवय लागत नाही. त्याऐवजी दुसऱ्याला काम द्या. पाटावर बसेल तो वाढदिवसाचा मुलगा. अक्षतांची वाटी आणि सुपारी तबकात ठेवून ते आजीपर्यंत पोचवण्याचं काम भावाचं. साडेतीन वर्षांचा मुलगा ते तबक दोन्ही हातांनी धरून, एकही दाणा सांडू न देता चालतो, आणि त्या दोन मिनिटांत त्याला स्वतःच्या भेटीची आठवणही राहत नाही.

दोघांचे वाढदिवस एकाच महिन्यात असतील तर एक जुना उपाय आहे: घरचं औक्षण तिथीने, मित्रांचा कार्यक्रम तारखेने. दोघांना दोन स्वतंत्र दिवस मिळतात आणि खर्चही बेताचा राहतो.

खरेदी आणि पार्टीत मात्र हे विसरू नका:

- १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. खोक्यावर ते शोधा, आणि ‘किती वयासाठी’ हेही वाचा. भेट थोरल्याची असली तरी ती धाकट्याच्या हाती लागणारच.
- गाणाऱ्या शुभेच्छापत्रात, लुकलुकणाऱ्या खेळण्यात बटणाएवढी चपटी बॅटरी असते. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकतं. उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा. झाकणाला स्क्रू नसलेलं असं खेळणं घेऊच नका.
- न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो. पार्टी संपताच तुकडे गोळा करा. हायड्रोजन भरलेले फुगे मेणबत्तीजवळ आणू नका.
- हॉटेलात पार्टी केली तर बिलातलं ‘सेवा शुल्क’ देणं तुमच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. हे शुल्क बिलातून काढायला सांगा.
- खेळणं सदोष निघालं आणि दुकानदार ‘विकलेला माल परत घेत नाही’ या पाटीकडे बोट दाखवू लागला तर ऐकून घेऊ नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, सदोष वस्तू परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी क्रमांक १९१५.

पावसाळा आणि औषधाची बाटली

हा भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

शाळा सुरू झाली की थोरला सर्दी घेऊन येतो आणि तिसऱ्या दिवशी धाकटा शिंकू लागतो. कपाटात थोरल्याची अर्धी बाटली असते. नेमकी इथेच चूक होते. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेलं खोकल्याचं औषध पोटात गेल्याने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली, अनेक मुलं दगावली. त्यांतल्या काहींना उपचारांसाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांखाली ती सर्वसाधारणपणे टाळावीत. म्हणजे आपल्या उदाहरणातला धाकटा या मर्यादेच्या आत येतो, थोरला येत नाही. बाटली तीच असली तरी उत्तर वेगळं आहे.

तापाच्या औषधाचंही तसंच. पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५, तर कडक सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये २५०. ‘एक चमचा दे’ हा फोनवरचा सल्ला म्हणून धोक्याचा आहे. मात्रा वजनावर ठरते. दोघांचं वजन दर तीन महिन्यांनी करा, कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा आणि डॉक्टरांकडून प्रत्येकाची मात्रा मिलिलिटरमध्ये लिहून घ्या. बाटलीवर मुलाचं नाव आणि उघडल्याची तारीख घाला.

डेंग्यूच्या दिवसांत तापाला आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन स्वतःहून देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. जुलाब लागले तर ओआरएस आणि चौदा दिवस जस्ताची गोळी, रोज २० मिलिग्रॅम. जुलाब थांबले तरी गोळी पूर्ण करायची असते. ओआरएसचं पाकीट मेडिकलमधून, जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेलं पाहूनच घ्या. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड पेयं दुकानांत सर्रास मिळत होती. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या नावाच्या वापरावर बंदी घातली.

गणपतीची गर्दी

दोघं मुलगे, दोघं बाबांच्या मागे धावणारे. देखावे पाहायला निघताना एका मुलामागे एक मोठं माणूस, आणि कोण कोणासोबत हे घरातून निघतानाच ठरवा. दोघांच्याही खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. शर्टावर नाव लिहू नका; अनोळखी माणूस नावाने हाक मारतो तेव्हा मूल त्याच्यावर विश्वास ठेवतं. थोरल्याला आईचा किंवा बाबांचा नंबर पाठ हवा. निघताना दोघांचा एकेक फोटो काढा, म्हणजे आजचे कपडे कुठले होते हे सांगता येईल.

मूल दिसेनासं झालं तर ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा. ११२ किंवा बालकांसाठीचा १०९८ लावा आणि जवळच्या पोलिसांकडे तत्काळ तक्रार द्या.

बहीण नाही, मग राखी आणि भाऊबीज?

चुलत, मामे, मावस, आत्ये अशी कोणी जवळ असेल तर प्रश्नच नाही. लांब असेल तर राखी टपालाने आठवडाभर आधी मागवा आणि ओवाळणी त्याच दिवशी उलट टपाली पाठवा, मुलांच्या हातून. कोणीच नसेल तर दोघांनी एकमेकांना राखी बांधावी. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, इतकी ही रीत पहिल्यापासून मोकळी आहे. फक्त त्या दिवसापुरती शेजारची मुलगी पकडून आणू नका. तिला आणि मुलांना दोघांनाही ते अवघड होतं.

एक गोष्ट मात्र ठामपणे थांबवा. ‘एक मुलगी हवी होती हो’ हे वाक्य पाहुणे मुलांसमोर बोलतात. सात वर्षांच्या मुलाला त्याचा अर्थ पुरता कळतो. पाहुण्यांना तिथल्या तिथे, आदर राखून, ‘आम्हाला हे दोघे हवे होते’ असं सांगा.

दिवाळी: किल्ला, फराळ, फटाके

दोन मुलगे असलेल्या घराला दिवाळीच्या सुट्टीने दिलेलं सगळ्यात मोठं देणं म्हणजे किल्ला. दोघांचे दोन किल्ले करू नका. जागा, माती आणि भांडणं दुप्पट होतात. एकच करा, आणि शक्यतो राजगड. त्याला एक बालेकिल्ला आणि पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या आहेत, त्यामुळे वाटणी नकाशाच करून देतो. बालेकिल्ला आणि सुवेळा थोरल्याकडे, पद्मावती धाकट्याकडे, संजीवनी दोघांची.

विटा आणि दगड रचून त्यावर ओलं गोणपाट पसरा. चाळलेली माती कालवणं धाकट्याचं काम. तो कोपरापर्यंत चिखलात असणार, तेव्हा जुने कपडे आणि शेजारी पाण्याची बादली. अळीव रात्रभर भिजवले की बुळबुळीत होतात आणि उतारावर घसरत नाहीत, चिकटून बसतात. वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर चार दिवस आधी पेरा. मोहरीही चालते, पण ती सपाटीवर. संध्याकाळी पाणी शिंपडायला छोटी फवारणीची बाटली द्या. तांब्याने ओतलं तर तटबंदी वाहून जाते आणि मग ती कोणी पाडली यावर रात्र जाते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांमध्ये राजगड आहे. थंडीत खरा किल्ला पाहायला जायचं असेल तर पुन्हा वय पाहा. राजगडाची चढण सात वर्षांच्या सवयीच्या मुलाला जमते, साडेतीनच्या मुलाला नाही. दोघांना घेऊन पन्हाळा करा, गाडी वरपर्यंत जाते. रायगडाला रोपवे आहे. सिंधुदुर्गला मालवणहून होडीने जाता येतं, पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात.

फराळात मुलग्यांना घ्याच. शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणं फिरवायला थोरला तयार असतो, पडलेले तुकडे ताटात मोकळे करायला धाकटा. तळणीच्या वेळी दोघं स्वयंपाकघराबाहेर, कढई मागच्या शेगडीवर.

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये रात्री आठ ते दहा ही वेळ आणि फक्त हरित फटाके अशी चौकट घातली. हे फटाके नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केले आहेत; खोक्यावर तिचं चिन्ह असतं. पाच वर्षांखालच्या मुलाच्या हाती फुलबाजीही देऊ नका. ती हजार अंशांच्या आसपास तापते आणि विझल्यावरही तार भाजते, म्हणून विझलेल्या तारा टाकायला वाळूची बादली ठेवा. भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, बर्फ, हळद यांपैकी काहीही नको.

संक्रांत

धाकट्याचं बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. हलव्याचे दागिने घाला, चुरमुरे आणि बत्तासे भरपूर ठेवा. पण बोरं, शेंगदाणे आणि कडक गोळ्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या घशात अडकतात. गोळा करायला जमणारी बहुतेक मुलं त्याच वयाची असतात, त्यामुळे हे जिन्नस वगळा किंवा थोरल्यांना वेगळ्या पुडीत द्या. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे. पतंगाच्या दिवसांत मुलाला स्कूटरवर पुढे उभं करू नका, मांजा थेट गळ्यावर येतो.

मे महिना: रजा, शिबिर, पाणी

शाळा दीड महिना बंद आणि आईबाबांची रजा मोजकी. राज्य शासनाच्या महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते; पत्नी हयात नसलेल्या पुरुष कर्मचाऱ्यालाही ती लागू आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येतं. धाकट्यासाठी ही सोय लेखी मागा.

उन्हाळी शिबिरात घालताना फी आणि कार्यक्रमपत्रिका पाहून थांबू नका. शौचालयात मुलांना कोण नेतं? बंद खोलीत एका मुलासोबत एकटं मोठं माणूस असतं का? पालकांना न कळवता येऊन पाहता येतं का? मुलगे आहेत म्हणून हे प्रश्न विचारायचे राहतात. २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखंच संरक्षण देतो, आणि असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाही त्या कायद्याखाली गुन्हा आहे. थोरल्याला स्वतःच्या शरीराबद्दल स्पष्ट शब्दांत सांगा. धाकट्याला एवढं पुरे: ‘कोणी गुपित ठेव म्हटलं तरी आईबाबांना सांगायचं.’

गावची विहीर, नदी, शेततळं, समुद्र यांच्याकडे दोघं एकाच वेळी वेगवेगळ्या दिशांनी धावतात. बुडणारं लहान मूल ओरडत नाही. म्हणून पाण्यापाशी असताना एका मोठ्या माणसाने फक्त पाहण्याचं काम करावं, हातात फोन नको, गप्पा नकोत. धाकटा त्याच्या हाताच्या अंतरावर हवा. अर्ध्या तासाने माणूस बदला, आणि पहिली पाळी कोणाची हे घरातून निघण्यापूर्वीच नाव घेऊन ठरवा.